वजनकाट्यात न सापडलेले मूल

गोंदिया जिल्ह्यातल्या स्वमग्न मुलांच्या बालशिक्षणाचा इतिहास लिहायचा म्हटले तर पहिली अडचण कागदांची येते. इथले मालगुजारी तलाव, भाताच्या गिरण्या, बिडीचा धंदा, रेल्वे, शिक्षणसंस्था, प्रत्येकाचे दप्तर कुठे ना कुठे आहे. हाक मारल्यावर वळून न पाहणाऱ्या, तीन वर्षांचे होऊनही न बोलणाऱ्या, एकच झाकण तासन्‌तास फिरवत बसणाऱ्या मुलाचे दप्तर मात्र कुठेच नाही. भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्रीय न्यास कायद्याने ‘ऑटिझम’, म्हणजे स्वमग्नता, हा शब्द पहिल्यांदा भारतीय कायद्यात आणला. जिल्हा आणि हा शब्द एकाच वयाचे आहेत, असे म्हणायला हरकत नाही. पण मुले त्याआधीही होतीच. त्यांची नोंद झाली नाही याचे कारण बहुतेक जण अज्ञान हे देतात. गावांना कळत नव्हते, डॉक्टर नव्हते, मागासलेला भाग होता वगैरे. हे उत्तर सोपे आहे आणि अर्धेच खरे आहे. बालशिक्षणाची जी पद्धत अंगणवाडीच्या रूपाने सालेकसा-देवरीपर्यंत पोचली, ती मुळात न बोलणाऱ्या, शाळेबाहेर काढलेल्या मुलांसाठीच घडली होती. ती इथवर येईपर्यंत तिच्यातून नेमके तेच मूल गळाले. आधी वयाची, मग वजनाची आणि शेवटी वर्गवारीची चाळण लागली. यातली एकही चाळण कोणी वाईट हेतूने लावलेली नव्हती, हे या इतिहासातले खरे अवघड प्रकरण आहे.

सुरुवात दूरची आहे, पण ती टाळून चालत नाही. १८०० साली फ्रान्समध्ये आवेरोंच्या जंगलालगत सापडलेला एक मुलगा पॅरिसच्या बहिऱ्या-मुक्यांच्या संस्थेत आणला गेला. झां इतार या तरुण डॉक्टरने त्याला व्हिक्तोर हे नाव दिले आणि काही वर्षे शिकवले. मुलगा बोलायला शिकला नाही, म्हणून इतारला आपण हरलो असे वाटले. उता फ्रिथ यांच्यासारख्या अलीकडच्या अभ्यासकांना त्या मुलाच्या वर्णनात ऑटिझमच्या खुणा दिसतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या मुलाचे निदान छातीठोकपणे करता येत नाही, हे खरे; पण त्याच्यासाठी इतारने केलेल्या वस्तू टिकल्या. त्याचा शिष्य एदुआर सेगें याने त्या वाढवल्या, आणि रोममध्ये १९००च्या सुमारास मतिमंद ठरवलेल्या मुलांबरोबर काम करणाऱ्या मारिया माँटेसरी यांनी या दोघांचे लेखन स्वतःच्या हाताने उतरवून काढले. लाकडी ठोकळ्यात दहा खोबणी आणि त्यांत बसणारे दहा दट्टे. जाडीत किंवा उंचीत थोडाथोडा फरक. दट्ट्या चुकीच्या खोबणीत गेला तर शेवटी एक दट्ट्या उरतोच, आणि चूक झाल्याचे मुलाला कोणी सांगावे लागत नाही. बाईंच्या चेहऱ्याकडे पाहावे लागत नाही, त्यांचे शब्द समजावे लागत नाहीत. ज्या मुलाला माणसाच्या चेहऱ्यापेक्षा वस्तूची भाषा लवकर कळते, त्याच्यासाठी याहून नेमके साधन सुचणे कठीण. माँटेसरींची ही मुले सर्वसाधारण मुलांच्या बरोबरीने परीक्षा उत्तीर्ण झाली, तेव्हा लोकांनी त्यांचे कौतुक केले. माँटेसरींना मात्र प्रश्न पडला, की मग धडधाकट मुलांच्या शाळा त्यांना इतके कमी का शिकवतात? ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेन्झो या गरीब वस्तीत उघडलेले बालगृह त्या प्रश्नातून निघाले. म्हणजे आज सगळ्या जगात ज्याला बालशिक्षण म्हणतात, त्यातला मोठा भाग आधी अपंग मुलांसाठी तयार झाला आणि मग इतरांना वापरायला मिळाला.

मराठीत हे सारे आले ते भावनगरमार्गे. गिजुभाई बधेकांनी १९२० साली तिथे बालमंदिर काढले. अमरावतीत काही काळ संसार केलेल्या आणि पुढे राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळणाऱ्या ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, ‘शिक्षणपत्रिका’ मराठीतून निघू लागली, आणि १९३६मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाला. दादरला जे जमले ते खेड्यात जमेल का, या विचाराने ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षाकेंद्र काढले. अनुताई वाघ तिथेच त्यांच्याबरोबर आल्या, आणि १९५७मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. बोर्डीला हरिजन आणि आदिवासी वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि अंगणवाडी झाली. महागड्या इटालियन साधनांच्या जागी शंख, शिंपले, बिया, खडे, माती आली. विदर्भातही याच दशकात सेवाग्रामला नई तालीमच्या आधीची पायरी म्हणून पूर्व-बुनियादी शिक्षणाचा प्रयोग चालला होता आणि शांताबेन नारुलकरांनी तो नेटाने चालवला. या सगळ्यांचा रोख गरीब मुलाकडे, दलित मुलाकडे, आदिवासी मुलाकडे होता, आणि त्या काळात ते सोपे नव्हते. पण अपंग मूल, ज्याच्यापासून ही साधने निघाली, ते या टप्प्यावर मागे पडले. जात आणि गरिबी यांच्यामुळे बाहेर राहिलेल्या मुलासाठी बालवाडीने आपली जागा बदलली. मेंदूच्या वेगळ्या घडणीमुळे बाहेर राहिलेल्या मुलासाठी ती तेवढी बदलली नाही. हा दोष ताराबाईंच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण ते मूल कोण हे जगाला नुकते कुठे कळू लागले होते.

१९४३मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची वर्णने छापली. १९४४मध्ये व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांचा प्रबंध आला. त्यांच्याही आधी, १९२५-२६ साली, ग्रुन्या सुखारेवा या रशियन डॉक्टरबाईंनी जवळपास हेच लिहून ठेवले होते, पण ते बरीच दशके कोणी वाचले नाही. याच १९४४ साली मुंबईत एका पारशी दांपत्याच्या मुलीच्या निमित्ताने मतिमंद मुलांची जयवकील शाळा सुरू झाली, आणि त्याच साली सार्जंट अहवालाने तीन ते सहा वयाच्या मुलांच्या शाळांची आणि अपंगांच्या शिक्षणाचीही शिफारस केली. दोन्ही शिफारशी एकाच अहवालात होत्या, पण प्रकरणे वेगवेगळी होती. पुढची पन्नास वर्षे सरकारी कागदांत ती तशीच वेगळी राहिली.

त्या वेळी आजचा गोंदिया जिल्हा मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्याचा भाग होता. मानसिक व्याधींसाठी सरकारी म्हणण्यासारखी मोठी जागा नागपूरचे १८६४ सालचे वेड्यांचे इस्पितळ, आणि ते लहान मुलासाठी नव्हते. सक्तीच्या शिक्षणाचे जे कायदे या काळात देशभर होत होते, त्यांत मुलाचे शारीरिक किंवा मानसिक दुबळेपण हे गैरहजेरीचे रास्त कारण मानले जाई. आपल्याला ती सवलत वाटते. प्रत्यक्षात ती पटावरून नाव काढण्याची परवानगी होती. सक्ती बापावर होती. मूल ‘भोळे’ असेल तर बाप सुटला, आणि त्याच्याबरोबर शाळाही सुटली. स्वातंत्र्यानंतर गोंदियात शिक्षणाची जी मोठी लाट आली ती मनोहरभाई पटेलांमुळे. स्वतः फारसे न शिकलेल्या या बिडी उद्योजकाने १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि भंडारा जिल्ह्यात हायस्कुले आणि कॉलेजे उभी केली. ज्या भागात पुढच्या शिक्षणासाठी बाहेर जावे लागे, तिथे हे काम किती मोठे होते ते सांगायला नको. पण त्या पिढीच्या मनात शिक्षण म्हणजे हायस्कूल आणि कॉलेज हेच होते. तीन वर्षांचे मूल काही शिकते, ही कल्पना ना सरकारच्या मनात रुजली होती ना दात्यांच्या.

या जिल्ह्यातले तीन वर्षांचे मूल बहुधा कुठे होते, तर बिडी वळणाऱ्या आईच्या शेजारी. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली तेंदूची पाने, चिमूटभर तंबाखू, दोऱ्याचे रीळ. बोटे न थांबता चालतात, कारण मजुरी हजार बिड्यांवर मिळते. कातरीखाली पडलेल्या पानाच्या तुकड्यांशी मूल खेळते. एक मूल तुकडा उचलून आईला दाखवते, तिच्याकडे पाहून हसते, ‘हे बघ’ म्हणते. दुसरे मूल सगळे तुकडे एका रांगेत लावते, रांग मोडली तर आकांत करते, आणि दाखवायला कधी येत नाही. आजच्या बालविकासशास्त्रात या दोन मुलांमधल्या फरकाला फार महत्त्व आहे. एखाद्या वस्तूकडे दुसऱ्याचे लक्ष वेधणे, बोट दाखवणे, नक्कल करणे यांवरच पुढची भाषा उभी राहते, आणि दीड-दोन वर्षांच्या वयात याचाच अभाव दिसला तर चौकशी करावी असे आता सांगतात. हजार बिड्यांचा हिशेब पुरा करणाऱ्या आईला मात्र त्रास न देणारे, एका जागी बसून रांगा लावणारे मूल हे शहाणेच वाटणार. १९६६च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने बायकांची संख्या ठरावीक मर्यादेपुढे गेली की कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवणे बंधनकारक केले. कायदा चांगला होता, पण तो कारखान्याच्या आवाराला लागू होता आणि वळण्याचे काम घराघरांत होते. पुढे १९७६च्या बिडी कामगार कल्याण निधीतून दवाखाने आणि मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. शिष्यवृत्ती अर्थातच शाळेत नाव असलेल्या मुलाला.

मग आली एकात्मिक बालविकास योजना. १९७४मध्ये अपंग मुलांच्या एकात्मिक शिक्षणाची योजना आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत बालविकास योजना, अशा दोन योजना केंद्राच्या समाजकल्याण खात्यातून लागोपाठ निघाल्या. एकमेकांशी जोडल्या असत्या तर हा लेख वेगळा झाला असता. पहिली शाळेच्या वयाकडे गेली आणि दुसरी शाळेआधीच्या वयाकडे. बालविकास योजनेने बोर्डी-कोसबाडचे ‘अंगणवाडी’ हे नाव घेतले आणि तिला सहा कामे दिली: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, आहार-आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. कागदावर शिक्षण सहातले एक होते, पण प्रत्यक्षात वजनकाटाच जिंकला. त्याला कारणही सबळ होते. नव्वदच्या दशकात मेळघाटच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. २८ नोव्हेंबर २००१ रोजी अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बालविकास योजना सर्वांपर्यंत नेण्याचा आदेश दिला. उपाशी मुलापुढे दट्ट्यांची पेटी ठेवण्याइतके कोणी निर्दय नसते. पण याचा परिणाम असा झाला की अंगणवाडीला मूल दिसते ते वाढीच्या तक्त्यावर. हिरव्या पट्ट्यातले मूल ठीक, पिवळ्यातले जपायचे, नारिंगीतले धोक्यात. स्वमग्न मुलाचे वजन पुष्कळदा अगदी ठीक असते. ते हिरव्या पट्ट्यात बसते, आणि त्याच्याविषयीची चौकशी तिथेच संपते.

वर्गवारीने उरलेले काम केले. राज्याच्या समाजकल्याण खात्याच्या अनुदानावर जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष शाळा निघाल्या त्या अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग आणि मतिमंद या चार नावांखाली. १९९५च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत ऑटिझम नव्हता. स्वमग्न मुलाला प्रमाणपत्र हवे तर त्याला मतिमंद ठरवून घ्यावे लागे. बुद्ध्यंक चांगला निघाला तर काहीच मिळत नसे. २०११च्या जनगणनेत १३ लाख २२ हजार लोकसंख्येच्या या जिल्ह्यात अपंगत्वाचे आठ रकाने भरले गेले, पण ऑटिझमचा स्वतंत्र रकाना नव्हता. ऑटिझम मोजण्याचे भारतीय परिमाण २०१६च्या एप्रिलमध्ये अधिसूचित झाले, त्याच वर्षाच्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार एकवीस केले, आणि योगायोगाने गोंदियाचे वैद्यकीय महाविद्यालयही त्याच वर्षी सुरू झाले. तोवर बालमेंदूतज्ज्ञाला दाखवायचे तर रेल्वेने नागपूर गाठायचे, म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून सव्वाशे-दीडशे किलोमीटर.

इथे एक आक्षेप हमखास येतो: हा आजार नवा आहे, शहरी आहे, मोबाइलने आणलेला आहे, गोंदियाच्या गावांत तो नव्हताच. नोंद नाही म्हणून मूल नव्हते, हा तर्क वर सांगितलेल्या कारणांनी टिकत नाही. ज्या कागदात रकानाच नाही त्यात आकडा कुठून येणार? भारतात दोन ते नऊ वर्षांच्या मुलांचा जो मोठा पाहणी-अभ्यास झाला आणि २०१८मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात शहरी हैदराबादबरोबर कांगडा, पलवल, ढेंकानाल आणि उत्तर गोवा हे भाग होते. ग्रामीण, आदिवासी, डोंगराळ अशा सगळीकडे मेंदूविकासातल्या अडचणी आढळल्या, ऑटिझमही आढळला. संख्या वाढलेली दिसते ती बरीचशी व्याख्या रुंदावल्याने आणि पाहणारे डोळे वाढल्याने. पडद्यापुढे तासन्‌तास बसवलेल्या तान्ह्या मुलाची भाषा मागे पडते हे खरे आहे, आणि त्याची काळजी करायलाच हवी. पण तो वेगळा प्रश्न आहे. दोन्ही एकत्र करून आईला दोष दिला की आपण साठ वर्षे मागे जातो. १९६७मध्ये ब्रूनो बेटेलहाइम यांनी थंड काळजाच्या आयांमुळे ऑटिझम होतो हे मत पुस्तक लिहून पसरवले. त्याच्या तीन वर्षे आधीच बर्नार्ड रिमलँड यांनी ते खोडून ऑटिझमचे मूळ मेंदूच्या घडणीत दाखवले होते. तरी त्या मताने अनेक घरे पोखरली.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो चांगली माणसे घेतात. गाव अशा मुलाला सामावून घेत असे. ते गुरे राखी, धान वाळवी, दंडार या लोकनाट्याला गावाबरोबर बसे. त्याला नाव देऊन तुम्ही त्याला गावापासून तोडता. यात तथ्य आहे. कुटुंबात आणि वाड्यात दहा माणसे असण्याचा, रोजचे काम ठरलेले असण्याचा, हंगामांचा क्रम न बदलण्याचा स्वमग्न माणसाला फायदाच होतो. पण सामावणे आणि शिकवणे या दोन गोष्टी आहेत. गुरांमागे जाणाऱ्या माणसाला गावाने भाकरी दिली. बोलता न येणाऱ्या मुलाला तहान लागली, पोट दुखले, भीती वाटली हे सांगण्याचे साधन दिले नाही. आणि मुलींचे काय झाले, हे तर या आठवणीत कधीच येत नाही. शिवाय गावाची भाषा आणि सरकारी अंगणवाडीची भाषा एक नाही. गोंदिया-तिरोडा-आमगावकडे घरात पवारी, पूर्वेला हिंदी आणि छत्तीसगढी, अर्जुनी-मोरगावकडे झाडीबोली, सालेकसा-देवरीत गोंडी. प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला गोंडी घरातले मूल गप्प राहते, आणि स्वमग्न मूलही गप्प राहते. तपासणी करणाऱ्याला घरची भाषा येत नसेल तर पहिल्याला आजारी ठरवण्याची आणि दुसऱ्याला ‘आदिवासी आहे, लाजतो’ म्हणून सोडण्याची चूक सहज होते. भर म्हणून ‘घरी फक्त मराठीच बोला’ हा सल्ला. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे नुकसान होते याला पुरावा सापडलेला नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांतले अभ्यास उलटच सांगतात. आजीची भाषा तोडली तर मुलाशी बोलणारी माणसे तेवढी कमी होतात.

आता बुद्धीचा प्रश्न. कॅनर यांना आपल्या मुलांच्या चेहऱ्यात आणि स्मरणशक्तीत चांगली बुद्धी दिसली होती. पुढच्या दशकांत बोलून घ्यायच्या चाचण्यांनी अशा बहुतेक मुलांना मतिमंद ठरवले. २००७मध्ये माँट्रियलच्या गटाने ३८ स्वमग्न मुलांना दोन्ही प्रकारच्या चाचण्या दिल्या, तेव्हा आकृत्यांच्या रेव्हन चाचणीत ती नेहमीच्या वेश्लर चाचणीपेक्षा सरासरी ३० पर्सेंटाइलनी पुढे निघाली. मूल तेच होते, फक्त विचारण्याची रीत बदलली होती. दट्ट्यांच्या पेटीमागची समजूत शंभर वर्षांनी आकड्यांत सापडली, असेच मी याला म्हणेन. लहान वयातल्या शिक्षणाने काय होते याचेही पुरावे आहेत, आणि ते जपून वाचावे लागतात. १९८७मध्ये लोव्हास यांनी आठवड्याला ४० तासांच्या शिकवणीने १९ पैकी ९ मुले ‘सर्वसामान्य’ झाल्याचा दावा केला. मुले चिठ्ठ्या टाकून विभागलेली नव्हती, आणि पद्धतीत शिक्षाही होती. मोठ्या झालेल्या स्वमग्न माणसांनी या पद्धतीवर जो राग व्यक्त केला आहे तो ऐकून घ्यायला हवा. २०१०मध्ये दीड ते अडीच वर्षांच्या ४८ मुलांचा खेळातून शिकवण्याचा प्रयोग अधिक काटेकोर होता. दोन वर्षांनी बुद्ध्यंक १७-१८ गुणांनी वाढला, तुलनेच्या गटात ७ने. ऑटिझमची तीव्रता मात्र फारशी बदलली नाही. म्हणजे मूल ‘बरे’ होत नाही. त्याला कळण्याचा आणि कळवण्याचा रस्ता मिळतो. ज्यांना चमत्कार हवा त्यांना हे कमी वाटेल, पण मला ते पुष्कळ वाटते.

गोंदियाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा पुरावा आपल्या शेजारच्या गोव्यातून आला. तो गोवा आणि रावळपिंडी इथे मिळून ६५ मुलांवर झालेला आणि २०१६मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग होता. आईवडिलांना मुलाच्या सूचना ओळखून प्रतिसाद द्यायला शिकवायचे आणि हे शिकवणार कोण, तर तज्ज्ञ नसलेले, थोडे प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते. पालकांचे मुलाच्या लयीत प्रतिसाद देणे वाढले, मुलांनी आपणहून संवाद सुरू करणे वाढले. एकाच गोष्टीकडे दोघांनी मिळून लक्ष देण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट घटला. निकाल संमिश्र असले तरी एक मुद्दा त्यांनी निकालात काढला: तज्ज्ञ येईपर्यंत काहीच करता येत नाही, हा.

यावर अंगणवाडी सेविकांची संघटना म्हणेल, आणखी एक काम आमच्या डोक्यावर. त्यांचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय या विषयावर बोलणे हा उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार होईल. फेब्रुवारी २०१३मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची सुरुवात पालघरहून झाली, कोसबाडपासून जवळच. त्याच्या यादीत ऑटिझम आहे, तपासणी पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा यावे असे ठरले आहे. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी दिल्लीत दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर झाली: लवकर ओळखणे, सामावून घेणे, पुढे पाठवणे. सगळे नेमके हवे तसे. त्यानंतर सहाच दिवसांनी, ४ डिसेंबरला, महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस मानधनवाढ, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनसाठी बेमुदत संपावर गेल्या आणि तो संप पन्नासहून जास्त दिवस चालला. ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजीच मान्य केला होता. जिला सरकार कामगार मानायला तयार नाही, तिने मुलाच्या नजरेतला बारकावा टिपावा ही अपेक्षा न्याय्य नाही. पण याचा अर्थ काम तिचे नाही असा होत नाही; तिच्याकडून मोबाइलवर भरून घेतली जाणारी माहिती कमी करून हे काम तिला पगारी म्हणून द्यावे, असा होतो. गावातल्या तीन वर्षांच्या मुलाला रोज तीन-चार तास, त्याच्याच वयाच्या वीस मुलांबरोबर, त्याच्या भाषेत पाहणारी दुसरी सरकारी व्यक्ती नाही. वर्षातून दोनदा जीपने येणाऱ्या पथकापुढे मूल रडते, आणि पथक पुढच्या गावाला जाते.

कायद्याचे गणितही अजून तिथेच अडले आहे. २००२च्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा वयाला दिला आणि सहाच्या खालचे वय राज्याच्या प्रयत्नांवर सोडले. २००९चा शिक्षणहक्क कायदा त्याच रेषेवर चालला. २०१६चा दिव्यांग हक्क कायदासुद्धा मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वयालाच देतो. ज्या दीड ते पाच या वयात शिकवण्याचा उपयोग सर्वांत जास्त दिसतो, त्या वयात स्वमग्न मुलाला मागता येईल असा हक्क नाही. ही दुरुस्ती संसदेची आहे, तिची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. गोंदिया जिल्हा परिषदेला आजच्या आज जमेल ते असे: माता-बाल संरक्षण कार्डावर विकासाचे टप्पे छापलेले आहेतच, ते वजनाइतक्याच नियमाने दर महिन्याला भरून घ्यावेत, दीड वर्षाच्या मुलाची पाहणी गोंडी, पवारी, झाडीबोली किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या बाईने घरी जाऊन करावी, आणि संशय आला तर नागपूरच्या तारखेची वाट न पाहता दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडीत आणि घरी काम सुरू करावे. प्रमाणपत्र मागाहून आले तरी चालेल.